काट्स आडनाव आणि वाय-डीएनए : जे१ निघालं म्हणजे कोहेन घराणं ठरतं का?

वायगुणसूत्री (धागाकर्ता)

काट्स या आडनावाबद्दल दोन ठाम मतं कायम ऐकू येतात. एक, काट्स म्हणजे ज्यू, विषय संपला. दुसरं, जर्मनमध्ये मांजराला काट्से म्हणतात, तेव्हा आडनावावरून काहीच ठरत नाही. मी पहिल्या बाजूचा, फक्त सोबत वाय-गुणसूत्राची चाचणी हवी.

ज्यू काट्स हा आद्याक्षरांचा शब्द आहे. 'कोहेन त्सेदेक', म्हणजे धर्मनिष्ठ पुरोहित, यातल्या काफ आणि त्सादी या दोन हिब्रू अक्षरांचा. कोहेनपण, म्हणजे हे पुरोहितपद, बापाकडून मुलाकडे जातं, वाय-गुणसूत्रही तसंच. रोझेनबर्ग, गोल्डस्टाइन यांसारखी बरीच आडनावं कायद्याच्या सक्तीनंतर घेतली गेली: ऑस्ट्रियात १७८७ चं फर्मान, वेस्टफालियात १८०८, प्रशियात १८१२. त्याआधी बहुतेक कुटुंबं नुसतं बापाचं नाव लावत. अशा आडनावाचा रक्ताशी संबंध शोधण्यात अर्थ नाही. कसोटी लागते ती काट्स, कोहेन, कागान, काप्लान अशा नावांना, कारण ती फर्मानाच्या आधीच्या पदावरून आलेली आहेत.

१९९८ साली कोहानिम (कोहेनचं अनेकवचन) पुरुषांमध्ये सहा मार्करचा (वाय-गुणसूत्रावरच्या मोजायच्या जागा) एक ठरावीक संच वारंवार सापडला: डीवायएस१९ = १४, ३८८ = १६, ३९० = २३, ३९१ = १०, ३९२ = ११, ३९३ = १२. ३७ मार्करच्या चाचणीत हा संच दिसला आणि पुढे वाय-गुणसूत्राची जे१-पी५८ ही शाखा पक्की झाली, तर त्या काट्सला कोहेन म्हणायला माझी हरकत नाही. कोणाची आहे?

दप्तरदार

माझी आहे. तुम्ही सुरुवातच 'ज्यू काट्स' अशी केलीत, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलंत.

हेसेन, बाडेन, वुर्टेम्बर्ग इथल्या लुथरन आणि कॅथलिक नोंदवह्यांत सतराव्या शतकापासून काट्स आहेत. त्यातले काही टोपणनावावरून, काही घरावरच्या मांजराच्या खुणेवरून, काही काथारिना या आईच्या नावाच्या लघुरूपावरून. यांचा कोहेनांशी काडीचा संबंध नाही. 'मुळात ज्यू असतील, नंतर बाटले असतील' हा युक्तिवाद लगेच येईल म्हणून आत्ताच सांगतो: त्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्या ज्यूला नवं नाव आणि बहुधा नवं आडनावही मिळे, कधी धर्मपित्याचं, कधी क्रिस्टलिब किंवा पाउलुससारखं. जुनं ज्यू नाव मिरवत चर्चच्या वहीत येणारा माणूस विरळाच. १६५० च्या वहीतला काट्स हा ज्यू वंशाचा असण्याची शक्यता म्हणूनच कमी.

वही वाचतानाच्या दोन चुकाही सांगून ठेवतो. बाईचं नाव 'काट्सिन' दिसलं की नवखे ते वेगळं आडनाव समजतात. तो फक्त स्त्रीलिंगी प्रत्यय आहे, बाप किंवा नवरा काट्सच. आणि जुन्या कुरेंट लिपीत 'उ' ओळखायचा तो त्याच्या डोक्यावरच्या छोट्या कंसावरून. कंस पुसट झाला की 'उ' चा 'न' वाटतो, काउट्स, म्हणजे घुबड, याचा कान्ट्स होतो आणि पुढचं अख्खं झाड दुसऱ्याच घराण्याचं निघतं.

हॅप्लो_हौशी

दप्तरदारांशी सहमत, पण कारण वेगळं. गणित करून बघा.

त्याच १९९८ च्या कामात हा संच अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातले ज्यू) कोहानिममध्ये सुमारे ४५ टक्के होता, सेफार्दी (मूळचे स्पेन-पोर्तुगालचे ज्यू) कोहानिममध्ये ५६. पण साध्या अश्केनाझी ज्यूंमध्येही तो १३ टक्के होता. कोहानिम एकूण ज्यू पुरुषांत अंदाजे ५ टक्के धरले जातात. आता हजार अश्केनाझी पुरुष घ्या. कोहेन ५०, त्यातले संच असलेले बावीस-तेवीस. बाकीचे ९५०, त्यातले संच असलेले सुमारे सव्वाशे. म्हणजे संच निघालेल्या दर सातांत कोहेन एक! याला पुरावा म्हणायचं?

शिवाय सहा मार्कर हे ओळखपत्र नव्हेच. हीच मूल्यं ज्यू नसलेल्या अरबांत, कुर्दांत, इटालियनांतही मिळतात. २००९ मध्ये बारा मार्करचा वाढीव संच आला तो यासाठीच. त्या कामात २१५ कोहानिम होते आणि त्यांच्यातही जे१-पी५८ ४६ टक्क्यांच्या आसपासच. जवळपास १४ टक्के जे२ मधल्या एम४१० शाखेचे. तेव्हा पी५८ नाही म्हणून कोहेन नाही, असंही म्हणता येत नाही.

वायगुणसूत्री

हॅप्लो, गणित बरोबर, पण लावलंत चुकीच्या माणसांना. पाच टक्के हे कोणत्याही ज्यू पुरुषासाठी. आपल्यासमोरचा माणूस आडनावाने काट्स आहे. ज्यू काट्समध्ये कोहेन असण्याचं प्रमाण नव्वद टक्के धरा. मग हजारात नऊशे कोहेन, त्यातले संचवाले ४०५. उरलेल्या शंभरात तेरा. आता सातात एक कुठे राहिलं? आडनाव हाच मोठा पुरावा आहे असं मी म्हणतोय ते यासाठी.

दप्तरदार, तुमच्या लुथरन काट्सना वेगळं काढायलाच तर पी५८ उपयोगी. जर्मन ख्रिस्ती पुरुषांत आर१बी आणि आय१ या शाखा भरपूर, पी५८ दुर्मिळ. डीवायएस३८८ चं मूल्य बघूनच पहिला अंदाज येतो: आर१बीमध्ये तिथे बहुधा १२ असतं, जे१ मध्ये १५ ते १७.

हॅप्लो_हौशी

आडनावानेच नव्वद टक्के काम केलं, मग चाचणीने काय केलं? नव्वदाचे सत्त्याण्णव. आणि आर१बी निघालं तर? आर१बी अश्केनाझींमध्येही दहा टक्क्यांच्या आसपास आहे. तो काट्स लुथरन मांजराचा की ज्यू, हे चाचणी सांगणार नाही. आर१ए निघालं तर आणखी गंमत. अश्केनाझी लेव्यांपैकी (लेवी हाही बापाकडून येणारा, पण कोहेनाहून वेगळा वंश) निम्म्याहून जास्त आर१ए-वाय२६१९ या शाखेचे आहेत, तेव्हा शेवटची शाखा न तपासता 'आर१ए म्हणजे स्लाव्ह' असं छापून मोकळं होणं ही नेहमीची चूक.

दप्तरदार

नव्वद टक्के आणले कुठून तेही विचारतो. गॅलिशियाच्या (तेव्हा ऑस्ट्रियाचा, आज पोलंड-युक्रेनमधला प्रांत) वह्या पाहिल्या आहेत का कोणी?

तिथे ज्यूंच्या सरकारी लग्नाला परवानगी लागे, पैसे लागत. म्हणून असंख्य जोडपी फक्त धार्मिक लग्न करत. सरकारच्या लेखी ते लग्नच नाही, मुलं अनौरस, आणि आडनाव आईचं. म्हणजे आई काट्स, कोहेनाची मुलगी. बाप कोणीही श्वार्ट्स. मुलगा वहीत काट्स. बापाचं नाव शेऱ्याच्या रकान्यात असलं तर असलं. पुढे सरकारी लग्न झालं की काहींनी नाव बदललं, काहींनी नाही. म्हणून नोंदीत 'काट्स रेक्टे श्वार्ट्स' असं दिसतं. रेक्टे म्हणजे खरं नाव पुढचं. 'फाल्से' असेल तर उलट, पुढचं नाव चुकीचं. 'वेल' म्हणजे दोन्ही चालतात. हे तीन लॅटिन शब्द ज्याला कळले नाहीत त्याने गॅलिशियन काट्सवर मत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

आणि धर्मशास्त्रातली तूट वेगळीच. कोहेनाने घटस्फोटितेशी लग्न केलं तर त्या लग्नाचा मुलगा कोहेनपण गमावतो. वाय-गुणसूत्र तेच, आडनाव तेच, पद नाही.

वायगुणसूत्री

आईकडून आलेलं आडनाव हा मुद्दा मान्य, तो गॅलिशियापुरता. हेसेन आणि बाडेनच्या काट्सना तो लागू नाही. तिथे नव्वद टक्क्यांवर मी ठाम आहे.

सेंटीमॉर्गन

तुम्ही दोघं बापाच्या रेषेवर भांडताय, बहुतेक लोक मात्र स्वस्तातली ऑटोसोमल (आई-बाप दोघांकडून आलेल्या डीएनएची) चाचणी करतात आणि यादीत चार काट्स दिसले की 'आमचे नातेवाईक' म्हणून पत्रं पाठवतात. सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे.

२०१४ मध्ये १२८ अश्केनाझी जीनोमवरून अंदाज निघाला की ६०० ते ८०० वर्षांपूर्वी हा समाज फक्त ३५० च्या आसपास लोकांच्या गाळणीतून आला. त्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाचा पाच-सहा वाटांनी लांबचा नातेवाईक आहे. ८ सेंटीमॉर्गनचे (डीएनए तुकड्याच्या लांबीचं माप) बारा तुकडे जुळले की बेरीज ९६ होते आणि ज्यू नसलेल्यांसाठी बांधलेला तक्ता तुम्हाला तिसरं चुलत नातं सांगतो. खरं नातं कदाचित १५०० च्या आधीचं. उलट तीनच तुकडे, त्यातला एक ४५ चा, तरी बेरीज तितकीच. इथे मात्र कागद शोधायला घ्यावेत. म्हणून १० च्या खालचे तुकडे वगळायचे, आणि सर्वांत मोठा तुकडा ३० च्या आत असेल तर पत्र लिहायचंच नाही.

दुसरं उलट टोक. कोणा जर्मन काट्सचा 'ज्यू ० टक्के' असा अहवाल आला म्हणून त्याचा १६५० चा पूर्वज ज्यू नव्हता असं ठरत नाही. पणजोबा ज्यू असेल तर सरासरी साडेबारा टक्के, आणखी दोन पिढ्या मागे तीन टक्के, आणि दहा पिढ्या मागच्या एकट्या पूर्वजाचा बऱ्याचदा एकही तुकडा उरत नाही.

रेवदंड्याकडची

आपल्याकडच्या बेने इस्राएलींचं (कोकणातल्या ज्यूंचं) उदाहरण इथे नेमकं बसतं. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर: गावावरून आडनाव, आणि पेणकर हिंदूही आहेत. आडनावाने गाव कळतं, धर्म कळत नाही. २०१६ च्या अभ्यासात १८ बेने इस्राएलींचे नमुने होते. त्यात मध्यपूर्वेकडचा आणि भारतीय असे दोन्ही वाटे भरघोस निघाले, आणि ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची ठरली. पेणकर नावावरून यातलं काय काढता आलं असतं?

वायगुणसूत्री

गावावरची नावं तशीच. जर्मनीतले ओपेनहाइमर, बाखाराख तुमच्या पेणकरांच्या रांगेत बसतात. काट्स पदावरून आलंय, त्याला हा न्याय लावू नका.

रेवदंड्याकडची

पण काही काट्स हे काट्सेनएलेनबोगेनचं लघुरूप असू शकतात ना? ते तर हेसेनजवळचं गावच.

दप्तरदार

असू शकतात. त्यामुळेच तर पैसे कुठे आधी घालायचे त्याचा क्रम महत्त्वाचा. माझा क्रम असा.

आधी थडगं. दोन्ही पंजे, बोटं फाकलेली, अंगठे टेकलेले: कोहेन. सुरई किंवा झारी: लेवी. चित्र नसेल तर हिब्रू मजकुरात बापाच्या नावापुढे 'हा-कोहेन' किंवा काफ-त्सादी, मध्ये दोन तिरक्या खुणा. नुसतं जर्मन अक्षरांतलं काट्स पुरत नाही. मग आडनाव घेतल्याची नोंद: ज्या राज्यात घराणं होतं तिथलं फर्मान कधीचं (वुर्टेम्बर्गमध्ये तर थेट १८२८), आणि त्या यादीत जुनं नाव व नवं नाव शेजारीशेजारी आहेत का. ख्रिस्ती घराणं असेल तर कॅथलिक वह्या बऱ्याच ठिकाणी फुकट बघता येतात, प्रोटेस्टंट वह्यांना बहुधा वर्गणी पडते. हे सगळं झाल्यावर लाळ द्या, त्याआधी नाही.

हॅप्लो_हौशी

आणि दिलीत तर ३७ मार्करवर थांबू नका. अश्केनाझी आडनावं इतकी अलीकडची आहेत की ३७ पैकी ३७ जुळूनही समोरच्याचं आडनाव शापिरो निघू शकतं, आणि त्यात चूक काही नाही. शाखा नक्की करायची तर बिग वाय-७०० (वाय-गुणसूत्राची सविस्तर चाचणी) घ्या, आणि एकाच घराण्याच्या दोन लांबच्या फांद्यांतले दोन पुरुष तपासा. एकट्याचा निकाल आला आणि मध्ये कुठे दत्तक किंवा आईचं आडनाव असेल, तर ते त्यात दिसणारच नाही.

वायगुणसूत्री

दोन फांद्यांचं पटलं. थडगं आधी की लाळ आधी, यावर मात्र माझं मत तेच. ज्या गावांतली ज्यू दफनभूमी १९३८ नंतर उखडली गेली, तिथे दप्तरदारांच्या पहिल्या पायरीवर उभं राहायला दगडच नाही.

दप्तरदार

दगड नसेल तर सुंता-वही बघा. सुंता करणारा मोहेल मुलाचं आणि बापाचं हिब्रू नाव स्वतःच्या वहीत लिहून ठेवायचा. बाप कोहेन असेल तर बहुधा तिथे तसं लिहिलेलं असतं.