११ महिने झाले, एकही दात नाही. त्यात ताप आणि जुलाब. दातांमुळेच का?

प्रश्न
मुलगी ११ महिन्यांची, वजन ८ किलो. अजून एकही दात नाही. लाळ खूप गळते, मूठ सतत तोंडात. कालपासून १०१ ताप आणि पातळ शी. घरात सगळे म्हणतात, दात येताना असंच होतं, कॅल्शियमचं सिरप सुरू कर. द्यावं का? आणि दात कुठल्या क्रमाने येतात?

प्रतिसाद १
आधी ताप बघा. दातांमुळे अंग जरा कोमट लागतं, पण १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप दातांचा नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या महिन्यानंतर ओसरू लागते आणि नेमकं तेव्हाच बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. जुलाब बहुतेकदा त्यातून होतात. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली ओआरएस चमच्याचमच्याने पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल पडलं तर तासभरही थांबू नका.

पॅरासिटामॉलमध्ये घोळ होतो तो बाटलीचा. ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. सिरप समजून ड्रॉप्स चमचाभर दिले, तर एका वेळी ५०० मिलिग्रॅम पोटात जातं! दोन डोसांत ६ तासांचं अंतर हवं.

प्रतिसाद २
खालचे मधले दोन ६ ते १० महिन्यांत, वरचे मधले ८ ते १२, त्यांच्या बाजूचे ९ ते १६. मग सुळ्यांची जागा रिकामी सोडून पहिल्या दाढा येतात, १३ ते १९ महिन्यांत. ही फट पाहून पुष्कळ आईबाबा उगीच घाबरतात. सुळे १६ ते २३, शेवटच्या दाढा २३ ते ३३. एकूण २०. वरचे आधी आले तर मामाला जड जातं, हे मनावर घेऊच नका.

कॅल्शियमने दात लवकर येत नाहीत. दुधाचे दात पोटात असतानाच घडू लागतात. व्हिटॅमिन डी रोज ४०० युनिट द्यायचंच, पण ते हाडांसाठी. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा बालदंतवैद्यांना दाखवा. डोक्यावरची टाळू फार मोठी असेल किंवा बसायलाही उशीर झाला असेल, तर थायरॉइड आणि मुडदूस तपासायला हवं.

प्रतिसाद ३
हिरड्या शिवशिवत असतील तर स्वच्छ बोटाने मिनिटभर चोळा. बाळाची चावायची रिंग फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठलेली रिंग हिरडीला इजा करते. बेन्झोकेन किंवा लिडोकेनचं हिरडी बधिर करणारं जेल अजिबात लावू नका: पहिल्याने रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटून ओठ निळे पडू शकतात, दुसऱ्याने झटके येऊ शकतात. वर्षाच्या आत मध नाही. कच्चं गाजरही नाही, तुकडा घशात अडकतो. हिरडीवर निळसर फुगा दिसला तर टोचू नका, दात वर आला की तो आपोआप फुटतो.

प्रश्नकर्ती
दवाखान्यात निघालोय. बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलंय.

प्रतिसाद १
मग २ मिली, म्हणजे १०० मिलिग्रॅम. सिरिंजने मोजा, घरातल्या चमच्याने नको. आणि बाटली सोबत न्या.