वाटलेले कंडोम मोजता येतात, टळलेली लागण कशी मोजायची?

माग_धोटा: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतले यंत्रमाग कामगार आणि पुणे-हैदराबाद महामार्गावरचे ट्रकचालक, अशा १,००० जणांसाठी वर्षभराचं एचआयव्ही प्रतिबंधाचं काम आखायचंय. कंडोमवाटपाचे आकडे अहवालात येतीलच. पण नवी लागण खरंच घटली हे कसं दाखवायचं? आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) पॉझिटिव्ह निघण्याचं प्रमाण घटलं, एवढं पुरेल?

आकडेमोड: नाही. कमी जोखमीचे लोक जास्त तपासले की ते प्रमाण आपोआप खाली येतं. एकूण बाधितांचा आकडाही फसवा आहे: एआरटीमुळे (एचआयव्हीवरच्या औषधोपचारामुळे) माणसं जगतात (जगायलाच हवीत), त्यामुळे नवी लागण घटली तरी तो वाढू शकतो.

आता हिशेब. केवळ गणितासाठी धरा, वर्षाला हजारात २ नव्या लागणी होतात आणि कामामुळे त्या निम्म्यावर येतात. दोन समान गट (एकात काम, दुसऱ्यात नाही), ८०% पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता), ५% सिग्निफिकन्स (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता). दोन्ही गटांत मिळून सुमारे ६५ लागणी नोंदल्या जाव्या लागतात. सरासरी दर हजारी दीड, म्हणजे ४३,००० च्या आसपास व्यक्ती-वर्षं (एका माणसावर वर्षभर लक्ष ठेवलं की एक व्यक्ती-वर्ष)! तुमच्या हजारांत वर्षाला एखाद-दुसरीच लागण दिसेल, आणि ती योगायोगानंही कमी-जास्त होते. 'लागण निम्म्यावर आणली' असं अहवालात कृपया लिहू नका.

रक्तनमुना: मग कंडोमचा वापर नीट मोजा, पण तोंडी उत्तरांवर भिस्त नको. आफ्रिकेतल्या व्हॉइस चाचणीत (लागण टाळणाऱ्या औषधाच्या) बहुतेक स्त्रियांनी औषध नियमित घेतो असं सांगितलं; रक्तात ते सापडलं २५ ते ३०% नमुन्यांत. परिणाम दिसला नाही. तीच टेनोफोविर-एमट्रिसिटाबिनची गोळी केनिया-युगांडात, जिथे जोडप्यातला एकच जण बाधित होता, नियमित घेतली गेली आणि लागण ७५% घटली.

'कंडोम वापरता का?' नको. 'शेवटच्या वेळी वापरला होता? कुणासोबत?' असं विचारा, आणि विचारणारा माणूस वाटप करणाऱ्यापेक्षा वेगळा ठेवा. रॅपिड किटचा विंडो पिरियड (लागण होऊनही तपासणीत न दिसण्याचा काळ) ३ महिन्यांपर्यंत असतो, म्हणून पहिल्या ३ महिन्यांत पॉझिटिव्ह आलेला माणूस 'नवी लागण' म्हणून मोजू नका.

माग_धोटा: ट्रकचालक दुसऱ्या तपासणीला सापडलेच नाहीत तर?

आकडेमोड: गळती लपवू नका. पहिल्या तपासणीला किती, दुसरीला किती, दोन्ही आकडे शेजारी छापा. न आलेल्यांचं वय, मार्ग, पहिल्या वेळी सांगितलेली जोखीम आलेल्यांशी ताडून पाहा. अनेकदा जास्त जोखमीचेच निसटतात. नोंदी सांकेतिक क्रमांकानं ठेवा, नावांची यादी वेगळ्या कुलपात. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं गोपनीयता बंधनकारक आहे.