चाळिशीनंतर परमुलखात: तब्येतीचे अनुभव लिहा

लग्न होऊन म्हणा, नवऱ्याच्या नोकरीमागे म्हणा, कोल्हापूर-सांगलीकडून किंवा घाटाखालून बेळगाव जिल्ह्यात आलेल्या आणि आता पंचेचाळिशी-पन्नाशीत असलेल्या बायकांसाठी हा धागा. रोज चालावं, तेल कमी खावं हे सगळ्यांना पाठ आहे. ते जमतं का, नसेल तर कशापायी अडतं, ते लिहा. माझ्यापासून सुरुवात.

माहेर कोल्हापूर, सध्या गोकाकजवळ:
बेळगाव शहरात मराठीवर निभतं, इकडे कन्नडशिवाय पान हलत नाही. मला बाजारापुरतं येतं. दवाखान्यात मात्र कॉलेजातला मुलगा सोबत यायचा. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा डाग दिसायला लागले. हे मुलाच्या तोंडून डॉक्टरांना कसं सांगायचं? 'अशक्तपणा आहे' एवढंच त्याला सांगितलं, त्यानं तेवढंच पुढे सांगितलं, आणि टॉनिक घेऊन आम्ही घरी. पुढे आशाताई (गावातल्या आरोग्यसेविका) बरोबर आल्या तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. गर्भाशयात पॉलिप (मांसाची छोटी गाठ) निघाला, काढला. पाळी बंद होऊन १२ महिने झाल्यावर रक्त दिसलं तर तपासायलाच हवं. बहुतेकदा कारण साधंच असतं, पण कर्करोग नाही ना, हे बघावं लागतं. मुलगा, दीर, नवरा, सोबत कोण आहे त्यावर आपलं बोलणं ठरतं. कितीतरी तपासण्या तिथंच राहून जातात.

माहेर सावंतवाडी, सध्या अनगोळ:
मासे सुटले आणि गुडघे बोलायला लागले, असं मी म्हणते, घरचे हसतात. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात, असं डॉक्टरांनी समजावलं. या वयात दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणी इथंही मिळते, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं. सकाळी आंबील, जेवणात ताक, चटणीत तीळ. पावसाळ्यात बेळगावात ऊन बघायला मिळत नाही, म्हणून ड जीवनसत्त्व तपासून गोळ्या घेतल्या. (आठवड्यातून एकदा बांगडा आणतेच. ते औषध मनाचं.)

वडगाव:
चालायला वेळ कुठला गे? विणायचा माग बंद तर मजुरी बंद. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, ते चालण्यात धरा.

माहेर कागल, सध्या निपाणी:
आमच्याकडे तंबाखू परसातलाच. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच मिश्रीची डबी हातात दिली. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही समजूत पक्की. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, तिनंही तोंडाचा कर्करोग होतो. आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या बायकांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासतात. तिथं गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला आणि मी घाबरले. सोडताना डोकं ठणकायचं, घरात सगळ्यांवर ओरडायचे. लवंग चघळून, कोमट पाण्यानं पोट सांभाळून सुटली. सासूबाईंची डबी अजून फळीवर आहे. त्यांना कोण सांगणार!

(वडगावच्या ताईंचं खरं आहे. सल्ला देणाऱ्यांना माग दिसत नाही. पण रात्री पाय उंचावर घेऊन झोपून बघा, आणि सूज उतरलीच नाही तर रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. – धागाकर्ती)

माहेर चंदगड, सध्या खानापूर तालुका:
माझं औषध म्हणजे बस. जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण पत्ता कर्नाटकातला लागतो. माझ्या आधारवर माहेरचाच पत्ता राहिला होता. सगळ्या फुकट जायच्या आणि मी पैसे मोजायचे. पत्ता बदलून घेतला. त्याआधी बेळगावला दाखवायला जायचं तर भाड्याचे पैसे मागा, मग 'कशाला?' ऐका, मग सोबत कोण येणार ते ठरवा. थायरॉईडची गोळी संपली तरी 'पुढच्या महिन्यात बघू'. आता सकाळची बस धरते, रक्त देते, खडेबाजारात चहा पिते, रिपोर्ट घेऊन दुपारी परत. गोळी चुकत नाही. घरात विचारलं तर सांगते, भाजी आणायला गेले होते. भाजी आणतेही.