मदत हवी आहे : आजोबांची युनियनची पावती

मंडळी, आजोबा कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये साच्यावर (मागावर) होते. परवा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल शाईची, कडा कुरतडलेली वर्गणीची पावती सापडली. कामगार संघटनेचं नाव अर्धं पुसलंय, मागं पेन्सिलीनं 'लाल निशाण' लिहिलंय. घरात सगळे म्हणतात, आजोबा पक्के शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे), पक्षाचे नेते एन. डी. पाटील सरांच्या सभा कधी चुकवल्या नाहीत. (आजी म्हणते, मोर्चा असला की जेवण थंड!)

लाल निशाण पक्षाची मंडळी एकेकाळी शेकापातच होती, पुढं वेगळी झाली, एवढं ठाऊक आहे. पण युनियनची वर्गणी भरली म्हणजे पक्षाचं सभासदत्व यायचं का? का माणूस एका पक्षाचा नि युनियन दुसऱ्याची, असंही चालायचं? कुणाच्या घरी मिलमधलं जुनं माणूस असेल तर विचारून सांगा. करवीर नगर वाचन मंदिरात त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या फायली बघायला मिळतात का?