प्रतिसाद: ओहोटीची वेळ तिथीवरून काढा

चाळीसगावच्या भाऊंनी विचारलंय की सुरतजवळच्या डुमसला नुसता चिखलच दिसला, ओहोटीला समुद्री जीव दिसतात ती खडकातली डबकी कुठे असतात? भाऊ, डुमस तापीच्या मुखाजवळ. आपल्याकडून वाहून गेलेला गाळच तिथे पसरतो, डबक्यांना कातळ लागतो. मुंबईत हाजीअली किंवा कार्टर रोडला जा. आपल्या सातमाळा डोंगरातला काळा पाषाण तोच, फक्त कालवं (ऑयस्टर) चिकटलेला.

वेळेचा हिशोब: तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या भरतीची साधारण वेळ येते. द्वितीयेला रात्री दीड वाजता भरती, म्हणजे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी सकाळी साडेसात-पावणेआठच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) जाऊन उपयोग नाही, पाणी पुरेसं मागे सरतच नाही. तरी निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता बघाच. ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या आत हवी.

ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की परत फिरा. पहिला तास ते हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने, आणि बहुतेक लोक तिथेच फसतात.

चप्पल नको, बंद बूट घाला; कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका. डबक्यावर सावली पडू न देता दोन मिनिटं स्वस्थ बसा, मग रिकामा वाटणारा शंख चालू लागतो: आत शंखातला खेकडा असतो. शंकूच्या आकाराचा शंख मात्र उचलू नका, त्याचा दंश विषारी. दगड उलटलात तर होता तसाच ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. पावसाळ्यात जाऊच नका.