मदत हवी आहे: नवीन कमोड बसवला, पण फ्लश केल्यावर पाणी वर चढतं

चौथा मजला
बाथरूमचं काम घरीच काढलंय. जुन्या टाइल्स न फोडता त्यांच्यावरच नव्या चिकटवल्या, भिंतीला आणि फरशीलाही. जुना कमोड काढून त्याच मापाचा, ९ इंची एस ट्रॅप (पाणी फरशीतल्या पाइपात सोडणारा) वनपीस, म्हणजे भांडं आणि टँक एकसंध असलेला, बसवला. जुन्याला काहीच तक्रार नव्हती. आता पूर्ण फ्लश केला की भांड्यात पाणी काठाजवळ येतं, मग हळूहळू उतरतं. कागद तिथंच राहतो. गच्चीवरच्या टाकीतून पाण्याचा जोर कमी आहे. प्रेशर पंप बसवावा का?

तोटी
पंपाचे पैसे वाचवा. नळाचा जोर कमी असेल तर फ्लश टँक भरायला वेळ लागतो, एवढंच. भरलेला टँक रिकामा होताना त्या जोराचा काही संबंध नसतो.

आधी दोष टँकमध्ये आहे की खाली, ते ठरवा. ८-१० लिटरची बादली एका झटक्यात भांड्यात ओता. सगळं साफ गेलं तर खोट टँकमध्ये: पाण्याची पातळी टँकमधल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापेक्षा २-२.५ सें.मी.हून जास्त खाली असेल, किंवा बटणाची दांडी आखूड पडून व्हॉल्व अर्धवट उघडत असेल. बादलीनंही पाणी चढलं तर खाली अडलंय. फ्लशच्या वेळी नहाणी ट्रॅपमधून (फरशीवरचं पाणी जातं त्या जाळीतून) गुडगुड आवाज येतो का, तेही बघा; आला तर अडथळा कमोडच्या पुढे, पाइपलाइनमध्ये असू शकतो.

चौथा मजला
बादलीनंही चढतं. नहाणीत आवाज नाही, तिथलं पाणीही व्यवस्थित जातं. कमोड आणि पाइपमध्ये घड्यांचा लवचिक कनेक्टर आहे.

सांधा
मग दोष बहुतेक त्या कनेक्टरचाच. ९ इंच म्हणजे साधारण २२५ मि.मी., आणि हे माप तयार भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत धरायचं असतं. टाइलवर टाइल म्हटल्यावर चिकटवण्याचा थर धरून १५-२० मि.मी. गेले. फरशीतलं पाइपचं भोक जागेवरच राहिलं, कमोड पुढे आला, आणि मधला घड्यांचा पाइप तिरका दबला. आतल्या घडीत कागद अडकणारच. टाइलवर टाइल लावताना हे माप कुणी सांगत नाही, दुकानदारही नाही. फरशीही तेवढीच वर आली, म्हणून पाइपचं तोंड खोल गेलं असणार. तो सांधा सुटला तर पाणी खालच्या घराच्या छतावर उतरेल.

व्हाइट सिमेंटचा गोळा पाइपात पडलेला असणंही शक्य आहे. ॲसिड मात्र ओतू नका: दबलेला पाइप त्यानं सरळ होत नाही, टाइल्सच्या सांध्यातलं ग्राउट तेवढं खाल्लं जातं. आधी ब्लीच टाकलं असेल तर त्यावर ॲसिड पडून क्लोरीन वायू सुटतो.

कमोड काढावाच लागेल. अँगल कॉक (टँकला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करून टँक रिकामा करा, भांड्यातलं पाणी मगानं आणि फडक्यानं काढा. तळाचं सिलिकॉन ब्लेडनं कापा, स्क्रू सोडवा आणि दोघांनी सरळ वर उचला. वनपीस जड असतो, हलवून ओढलात तर तळाला तडा जाईल. पाइपच्या तोंडात लगेच दोरी बांधलेलं फडकं कोंबा. दोरी नसली तर फडकंच आत जातं.

आता टेपनं नवीन भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत मोजा. फरक २० मि.मी.पर्यंत असेल तर आतून गुळगुळीत, ठाम, २० मि.मी. ऑफसेटचा (दोन्ही तोंडांत तेवढं अंतर सरकवलेला) कनेक्टर आणा. ११० मि.मी. पाइपचं तोंड खोल असेल तर तुकडा जोडून ते नव्या फरशीच्या पातळीला आणा.

तोटी
कनेक्टर आधी कमोडला चढवा. रबराला भांड्यांचा लिक्विड साबण लावा, ग्रीस किंवा तेल नको, रबर फुगतं. स्क्रू हलके आवळून कागद टाकून दोन-चार वेळा पूर्ण फ्लश मारून बघा, मगच सिलिकॉन. तेही मागच्या बाजूला दोन बोटं जागा सोडून; पुढे कधी सांधा गळला तर पाणी तिथून बाहेर येऊन दिसेल.