मदत हवी आहे : रताळ्याच्या हिशेबातून एक्सेल

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या नववीला शिकवतो. संगणक सहा, पोरं एकतीस. पुस्तकातला मार्कलिस्टचा धडा कुणाला रुचेना, म्हणून यंदा घरच्या रताळ्याचा जमाखर्च मांडायला सांगितला: वेल, खत, मजुरी, पोती, बेळगावच्या मार्केटात मिळालेला भाव. पोरं एकदम खुलली. एकीने बेरीज लावली आणि म्हणाली, "सर, बाबांना काहीच सुटलं नाही की!" मी गप्पच झालो.

आता अडचणी. तारखा गोंधळतात: ०५/०६ लिहिलं की ५ जूनऐवजी ६ मे होतो, १३/०६ मात्र वर्षासकट लिहिलं की नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटतो. रिजनल सेटिंग (कुठल्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ते) अमेरिकेचं आहे हे कळलं, पण शाळेच्या संगणकांवर सेटिंग्ज लॉक आहेत आणि अ‍ॅडमिन पासवर्ड माझ्याकडे नाही. दुसरा काही मार्ग?

पालकसभेची पत्रं मेल मर्जने (एकाच मसुद्यात यादीतली नावं आपोआप भरून) मराठी-कन्नड दोन्हींत काढायची आहेत. जुना कन्नड मजकूर नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात आहे, फॉन्ट बदलला की नुसती अगम्य चिन्हं. असा मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येईल असा) कुणी आणलाय का?

आणि खरा प्रश्न: गटात माऊस एकाच्याच हातात राहतो. बाकीच्यांना गुण कशावर द्यायचे? तुम्ही काय करता?